दोन ते चारचा पहारा

मी गाव सोडलं तो सप्ताहाचा चौथा दिवस होता, आणि कर्जतहून पुण्याची एसटी साडेतीनला होती. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्टँडपर्यंत सोडायला येणं शक्य नव्हतं. दोन ते चार त्यांचा पहारा. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. ती गळ्यात घालून कोणी ना कोणी देवापुढे नाम घेत उभं असतं, आणि घराघराला तास वाटून दिलेले असतात. तेव्हा बॅग घेऊन मीच देवळात गेले.

त्यांच्या आधीचा, बारा ते दोनचा पहारा धाकट्या भावाचा, तात्यांचा. आजोबांच्या वेळी हे चार तास एकाच घराकडे होते. जमीन वाटली तसे तेही वाटले. दोन वाजता आण्णा तात्यांच्या पाया पडले. तात्यांनी वीणा उतरवून त्यांच्या गळ्यात घातली आणि मग ते आण्णांच्या पाया पडले. रीतच तशी आहे, वीणा ज्याच्या गळ्यात त्याच्यापुढे वाकायचं, लहानमोठं बघायचं नाही. लगेच तात्या चपला घालून मान वळवून निघून गेले, कारण दोघा भावांमध्ये आठ वर्षं बोलणं नव्हतं. तात्यांनी बांध कोरला असं आमचं म्हणणं. मोजणीवाल्याला आम्ही फितवलं असं त्यांचं. आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोंडाने नाम चालूच होतं. मी जीपमध्ये जाऊन बसले.

आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, पाया पडता तर मग बोलत का नाही? "अगं, ते इनेच्या पाया पडनं हाय, त्येच्या न्हाई," आण्णा म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला ते निव्वळ सोंग वाटलं. खरं सांगायचं तर बेंगळुरूला नोकरी लागल्याचा जेवढा आनंद होता, तेवढाच या सोंगापासून लांब जाण्याचा होता.

बेंगळुरूत मी खरं काहीतरी शोधायला लागले. ऑफिसातली एक मैत्रीण रविवारच्या ध्यानाच्या क्लासला घेऊन गेली. घंटा नाही, हार नाही, प्रसाद नाही. एसी हॉल, निळी मॅट, डोळे मिटून श्वास बघायचा. मला ते मनापासून आवडलं, अजूनही आवडतं. फोन जमा करून दहा दिवसांचं मौन शिबिरसुद्धा केलं. मग आईला ऐकवायची, तुमचं नुसतं टाळ कुटणं, आम्ही आत बघतो. आई म्हणायची, "बघ बाई. काय दिसलं तर आमाला बी सांग."

क्लासच्या शेवटी ज्याने आपल्याला दुखावलं त्याला डोळ्यांपुढे आणायचं आणि त्याचं भलं चिंतायचं असतं. मी कित्येक वर्षं माझ्या जुन्या मॅनेजरबाईंचं भलं चिंतत होते. त्या केव्हाच कंपनी सोडून गेल्या होत्या. तात्यांचा चेहरा मात्र एकदाही समोर आणला नाही. दिवाळीला गावी गेले की त्यांच्या दारावरून मोबाईल बघत सरळ पुढे निघून जायचे. लहानपणी मला खांद्यावर घेऊन कर्जतचा बाजार दाखवणारे तात्या हेच. यात काही खटकत नव्हतं मला. आज हे लिहिताना लाज वाटते.

यंदा सप्ताहाच्या तोंडावरच आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उभं राहणं अशक्य, म्हणून पहारा दुसऱ्या घराला द्यायचं घाटत होतं. आण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं आईने फोनवर सांगितलं. मी लीव्ह टाकली, लॅपटॉप घरीच ठेवला आणि निघाले. बाईमाणसाने वीणा घ्यावी का यावर देवळात थोडी कुरकुर झाली. पण भर दुपारी दोन तास उभं राहायला दुसरं कोणी पुढे येईना, तेव्हा तीही थांबली.

दोन वाजता मी तात्यांसमोर उभी राहिले. किती थकले होते! मी पाया पडले. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, पट्टा सारखा केला. मग ते वाकायला लागले. सत्तरीचा माझा सख्खा चुलता, माझ्या पायांवर. मला मागे सरकावंसं वाटलं. ते खाली वाकले, गुडघे टेकले, आणि त्यांना उठताच येईना. माझ्या एका हातात वीणा होती. दुसरा मोकळा होता, पण तो मी पुढे केला नाही. क्षणभरच असेल, पण नाही केला. तोंडाने नाम मात्र व्यवस्थित चालू होतं.

"मने, हात दे गं," तात्या खालून म्हणाले.

मी हात दिला. त्यांचं सगळं वजन माझ्या हातावर आलं, आणि ते फारसं नव्हतंच. उभे राहिल्यावर ते लगेच गेले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "आण्णाला लई दुखतंय का?"

पहाऱ्यात नाम सोडून बोलायचं नसतं. मी बोलले. "दुखतंय तात्या. तुम्हीच येऊन बघा की."

चारला वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून घरी पोचले तेव्हा तात्या आण्णांच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसलेले होते. डॉक्टरने किती पायऱ्या चढायला सांगितल्यात, यावर दोघांचा वाद चालला होता. आई स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत चहा गाळत होती. बांधाचं कोणी काही काढलं नाही. बांध आहे तिथेच आहे, आणि उद्या त्यावरून पुन्हा वाजणारच नाही असं मी सांगत नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, काय, परत टाळ कुटायला लागलीस का? नाही. वीणा घेऊन मला कसलाही साक्षात्कार झाला नाही, खांदा तेवढा दुखला. रविवारी मी अजूनही मॅटवर बसते. पण तिथे मी ज्याला माफ करते, त्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि केलं नाही तरी कोणाचं काही अडत नाही. घराचं मला आता एवढंच कळतं, की तिथे मी हात दिला नाही तर माणूस खालीच राहतो.