मापासाठी उभे बाबा

सोमवारी सकाळी बाबा गेले. दोन दिवसांनी आईने त्यांचा फोटो मागितला.

तोपर्यंत आमच्या घरात फोटोंची कमतरता आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी वाद घातला असता. सौसरजवळ बोरगावला आमचा संत्र्याचा बगीचा होता. मी पांढुर्ण्याच्या शाळेत इतिहास शिकवत होतो, आणि ऐंशी सालानंतर कधीतरी मी एक जुना कॅमेरा विकत घेतला होता. घरात कॅमेरा आल्यामुळे स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा प्रश्नच उरला नाही. भिंतीवरची एक फ्रेम सोडली तर माझे सगळे फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. तो डबा मी आईसमोर आणून ठेवला आणि आम्ही शोधायला बसलो.

मोहगावचं देऊळ निघालं, चारही बाजूंनी. जाम नदी निघाली. धुक्यातली संत्र्याची झाडं निघाली. माझी मोठी बहीण सुमनताई एकेक फोटो उलटा करून, मागे कुणी दडलं आहे का ते पाहत होती. तिच्या लग्नाचे फोटोही मीच काढले होते. त्यांत मांडवाची रचना फार सुंदर आली होती.

"आणि मी कुठी आहो?" ताई म्हणाली.

"खांबाच्या मागे."

"अन् बाबा?"

बाबांचं असं होतं. एका मासिकात मी वाचलं होतं की वास्तूच्या चित्रात माणूस नको. अपवाद एकच. भिंत किती उंच आहे ते कळावं म्हणून तिच्या पायथ्याशी, मापासाठी, एक माणूस उभा करावा. त्याने कॅमेऱ्याकडे पाहू नये, कारण माणूस आपल्याकडे पाहू लागला की भिंतीकडे कुणी पाहत नाही. रविवारी रिकामा माणूस म्हणजे बाबा. त्यामुळे त्या डब्यात बाबा पुष्कळ होते. फक्त ते सगळे तिळाएवढे होते आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"बाबा, थोडे मागे सरका," असं मी म्हणायचो.

"अजून?"

"अजून थोडे."

"आता सरकलो तं दरीत जाईन ना बाबू. मंग मापाले कोणाले उभा करशीन?"

पण सरकायचे.

रात्रीच्या आकाशाचाही एक फोटो होता. कॅमेरा तिपाईवर ठेवून बराच वेळ उघडा ठेवला की चांदण्या फिरताना दिसतात, त्यांच्या गोल रेषा उमटतात. त्या रात्रीही मी बाबांना बांधावर बसवलं होतं. "चांदण्याईलेही माप लागते का?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, हलू नका. ते हललेच. त्या फोटोत सगळ्या रेषा नीट गोल आहेत, आणि खाली एक रेषा वाकडीतिकडी विहिरीपर्यंत गेली आहे. ती बाबांची विडी.

"हा लावू का फ्रेममधे?" ताईने विचारलं. आईने तो तिच्या हातून घेऊन डब्यात परत टाकला.

तेरवी जवळ आली होती. नातेवाईक येणार, पाटावर फोटो हवा, त्याला हार हवा. ज्यात बाबा त्यातल्या त्यात मोठे दिसतात असा एक फोटो मी निवडला आणि पांढुर्ण्याला स्टुडिओत घेऊन गेलो. तिथला मालक फोटो मोठे करून वर रंगही भरून द्यायचा. त्याला सगळे पेंटरभाऊ म्हणत. मामा आणि ताई माझ्यासोबत आले, कारण आईचा आता माझ्या एकट्यावर विश्वास नव्हता.

पेंटरभाऊने भिंग लावलं. "सर, हा माणूस कोणीकडे पाहून राहिला?"

"भिंतीकडे."

"मंग यातून मी टाळूच काढू शकतो."

तरीही त्याने मोठा करून पाहिला. ओल्या कागदावर बाबा हळूहळू वर आले. घोंगडीवर पोहे सांडावेत तसे दिसत होते. पेंटरभाऊ म्हणाला, हरकत नाही, तुम्ही सांगा, मी काढतो. नाक कसं होतं?

मी इतिहासाचा शिक्षक. कुठल्या दरवाजाची कमान टोकदार आहे आणि कुठली गोल, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी म्हणालो, "सरळ."

"सरळ कुठी?" ताई म्हणाली. "डावीकडं वळलं होतं. लहानपणी बैलानं मारलं होतं ना."

"बैलानं नाई, झाडावरून पडले होते," मामा म्हणाले. "अन् मिशी टाका हो पेंटरभाऊ. जवानीत होती त्यायले."

"आता कुठी होती मामा?"

"होती तं खरी ना एकेकाळी."

पेंटरभाऊने सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं. दोन दिवसांनी तसबीर मिळाली. नाक सरळ निघून शेवटी डावीकडे वळलं होतं. मिशी होती, पण पातळ, तडजोडीची. आणि खाली कोट नि टाय. बाबांनी आयुष्यात बंडीवर दुसरं काही घातलं असेल तर ते ताईच्या लग्नात, आणि तेही दुपारी काढून ठेवलं.

"कोट कशाला?" मी विचारलं.

"मी सगळ्याईलेच टाकतो," पेंटरभाऊ म्हणाला. "कोणी वापस नाई आणला अजून."

घरी आलो. मामांनी तसबीर पाटावर ठेवली, हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हुबेहूब," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत उभी राहिली.

"हे साहेब कोण होत?"

"आई, बाबा आहेत," मी म्हणालो.

"तुहे असतीन. माहे नाई." ती परत फिरली. दारातून म्हणाली, "उद्या पाटावर ह्यायले ठेवलं तं मी ताट वाढणार नाई. परक्या माणसाले कोण घास देते?"

तिने ते नुसतं म्हटलं नव्हतं. संध्याकाळी ती समोरच्या खोलीत आली आणि भिंतीवरची फ्रेम काढून घेतली. ती फ्रेम देवगडच्या किल्ल्याची होती. छिंदवाड्याकडचा हा गोंड राजांचा किल्ला. त्याच्या नगारखान्याचा फोटो मी मुद्दाम मोठा करून लावला होता. त्यात एक खोट राहून गेली होती. ऐन वेळी मापाचा माणूस कॅमेऱ्याकडे वळला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते आधीच सांगून टाकायचो.

आईने कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे पाह्य. मान वाकडी करून राहिले. 'झालं का बाबू' म्हणून राहिले."

मी भिंग आणलं. तोंड उघडं होतं. नाक कुठे वळलं होतं ते मात्र कळत नव्हतं.

तेरवीला पाटावर देवगडचा किल्ला ठेवला गेला. हार घातला तर बाबाच त्याच्याखाली गेले, म्हणून ताईने तो टाचणीने वर अडकवला. मग गंध लावायची वेळ आली. मी अंगठा पुढे केला. आई म्हणाली, "अंगठ्यानं पुरा नगारखाना भरशीन." तिने काडेपेटीतली काडी घेतली, तिचं टोक गंधात बुडवलं आणि बाबांच्या कपाळावर टेकवलं. तिचा हात हलला नाही.

लोक येत होते आणि कमानीसमोर हात जोडत होते. मी बाजूला उभा राहून प्रत्येकाला सांगत होतो, "खाली. उजव्या कोपऱ्यात."

"कुठी?"

"त्या मोठ्या दगडाच्या बाजूला."

"हो का. हो हो." आणि पुन्हा कमानीलाच नमस्कार. मोहगावच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, तुमचे वडील राजघराण्यातले होते का? कधी बोलले नाईत ते." मी नाही म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला.

आईने ताट वाढलं.

पुढच्या महिन्यात मी आईला अंगणात बसवून तिचे फोटो काढायला घेतले, जवळून, नुसता चेहरा. मी दोन पावलं पुढे गेलो तशी ती म्हणाली, "आता मले कायले मापून राहिला?" आणि हसली. तो फोटो चांगला आला. तो आता देवगडच्या शेजारी आहे.

आई होती तोवर दर वर्षी काडीने गंध लावत होती. तिच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. माझा हात तिच्याइतका स्थिर नाही, आणि जुनं गंध पुसायचं मला सुचलं नाही. आता कोपऱ्यात बाबा दिसत नाहीत. तिथे माणसाएवढा एक पिवळा ठिपका आहे. त्यावरून भिंतीची उंची अजूनही बरोबर कळते.