खंडेनवमीला बसवलेला दिवा

भारत काठेला कुणी विचारलं, की बाबा तू काम काय करतोस, तर तो सरळ सांगायचा, "लोकांच्या पोटात डोकावायचं यंत्र दुरुस्त करतो." समोरचा हसायचा. हसेना का! काम खरंच तेवढं होतं. डॉक्टर तोंडातून जी काळी नळी घालतात आणि पडद्यावर जठर बघतात, ती दुर्बीण. तिची नळी गळते, वळणं मोडतात, टोकाचा कॅमेरा आंधळा होतो. नाशिकमधल्या लहान दवाखान्यांच्या असल्या आजारी दुर्बिणी अंबडला हर्षलच्या वर्कशॉपमध्ये यायच्या आणि भारत त्यांना बरं करून परत पाठवायचा. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

शिक्षण म्हणाल तर आयटीआय. घर मखमलाबादचं, माळ्याचं. बाप गोटीराम लवकर गेला, आईनं, लंकाबाईनं, अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती काढून पोराला शिकवलं. भारत बायकोला घेऊन सिडकोत राहायला आला तरी म्हातारी मळा सोडायला तयार नव्हती. फुलांची क्रेट घेऊन मार्केटला गेली की शेजारणीला हटकून सांगायची, "माझा लेक डॉक्टरांची मशिनं नीट करतो. डॉक्टर त्याची वाट बघत्यात." भारतला लाज वाटायची. पण आतून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोला.

आता मुख्य गोष्ट. इंदिरानगरात डॉ. शुभांगी मॅडमचा दवाखाना आहे. दसऱ्याच्या तोंडावर तिथल्या दुर्बिणीचा दिवा गेला. दिवा जुन्या पद्धतीचा, झेनॉन वायूचा, मागवला तर दीड महिना लागणार. पेशंट खोळंबलेले. हर्षलनं तोड काढली, की दुर्बिणीला उजेड पुरवणाऱ्या जुन्या पेटीतला झेनॉन काढायचा आणि त्याच पेटीत एलईडी बसवायचा. असलं काम भारत पहिल्यांदाच करणार होता, पण अवघड काही वाटत नव्हतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं सांगणं फुकट. पडद्यावर दिसतो तो रंग काही पोटातून जसाच्या तसा येत नाही. कॅमेऱ्याला जे सापडतं त्यावरून प्रोसेसर नावाची दुसरी पेटी रंग तयार करते. त्यासाठी तिला ठाऊक असावं लागतं, की उजेड कुठल्या दिव्याचा आहे. झेनॉनच्या उजेडात लाल भरपूर. एलईडीत निळं जास्त आणि गडद लाल तोकडा. म्हणून एलईडी असला की प्रोसेसर लाल छटा वेगळ्या गणितानं उचलून धरतो. कंपनीची नवी पेटी जोडली तर ती आपलं नाव सांगते आणि गणित आपोआप बदलतं. पण इथं पेटी जुनीच होती, फक्त तिच्या पोटातला दिवा बदललेला. प्रोसेसरनं विचारलं तर ती आपली झेनॉनच सांगणार. म्हणून मेनूत जाऊन दिव्याचा प्रकार हातानं बदलावा लागतो. एलईडीच्या किटसोबतच्या कागदावर शेवटच्या ओळीत तसं लिहिलेलं होतं आणि भारतनं ते वाचलेलं होतं.

दवाखान्यात तपासण्या बंद असलेला दिवस हवा होता, तो मिळाला खंडेनवमीचा. सकाळी वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा झाली. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. त्यातच भारतचं रंगांचं कार्डही होतं. पांढरी, पिवळी, लाल, गुलाबी, तांबूस अशा चोवीस चौकटींचं कार्ड. दुरुस्तीनंतर पडद्यावर त्या चौकटी नीट दिसल्याशिवाय तो दुर्बीण कुणाच्या हवाली करत नसे. पण पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. बापानं विळा-खुरपं उचललं नव्हतं, आई आजही उचलत नाही. भारतनंही कार्ड उचललं नाही. गाडीच्या डिकीत पडलेली जुनी अवजारं घेतली आणि निघाला.

दिवा बसला. झकास पेटला. मग नेहमीप्रमाणे गॉजची घडी कॅमेऱ्यासमोर धरून त्यानं पांढरा रंग जुळवला. पांढरं दुधासारखं पांढरं आलं. मेनूत शिरायला गेला तर सर्व्हिसचा पासवर्ड मागितला. हर्षलला दोन फोन केले, तो पूजेच्या गडबडीत, उचललाच नाही. दवाखान्यातल्या मशीनलाही झेंडूची माळ घातलेली होती, आणि माळ लंकाबाईच्याच मळ्यातली. भारतनं त्यातलं एक फूल तोडून दुर्बिणीसमोर धरलं. पडद्यावर झेंडू अगदी झेंडूसारखा. "झालं की!" तो स्वतःशीच म्हणाला. पासवर्डचं नंतर बघू. पांढरं जुळलं, पिवळं जुळलं, आता लाल कुठं पळून जातंय?

पण लाल पळालेलं होतं.

दिवाळीचा फुलांचा हंगाम उरकल्यावर लंकाबाईला घास गिळल्यावर जड वाटायला लागलं. जेवण तुटलं. मनीषा, म्हणजे भारतची बायको, तिला शुभांगी मॅडमकडे घेऊन गेली. भारत त्या दिवशी मालेगावला कामाला होता. पाईप गिळायचा म्हटल्यावर भलेभले घाबरतात. म्हातारी मात्र टेबलावर चढताना नर्सला म्हणाली, "मला कशाचं भ्या? माझ्या लेकानं नीट केलेलं मशीन हाय." मनीषानं हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. भारतचा जीव भांड्यात पडला आणि फाईल मखमलाबादला कपाटात गेली.

मार्चमध्ये म्हातारी निम्मी झाली. काही खाल्लं की उलटून यायचं. मनीषानं तिला सिडकोत आणलं, फाईलही आणली. सकाळी चहा घेता घेता भारतनं ती पहिल्यांदा उघडली. आत चार रंगीत फोटो होते. त्यानं पाहिले आणि कप खाली ठेवला. जठराचं अस्तर असं फिकट विटकरी नसतं. अठरा वर्षांत त्यानं पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेलं होतं. ते लालसर गुलाबी असतं, आणि दुखणं असलं तर त्यात आणखी लाल ठिपका उठून दिसतो. इथं सगळं एकाच रंगाचं होतं.

"काय झालं?" मनीषानं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि गाडीची किल्ली उचलली.

तो तडक अंबडला गेला. कार्ड घेतलं आणि हर्षलच्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं. हर्षल वयानं लहान, पण मालक. सगळं ऐकून त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग हळू आवाजात म्हणाला, "भारतभाऊ, पासवर्ड घे. सर्व्हिसिंगच्या नावाखाली जा, सेटिंग बदल आणि ये. आईला दुसऱ्या डॉक्टरकडे दाखव, लागेल ती मदत मी करतो. पण तोंड उघडू नको. हे बाहेर गेलं तर वर्कशॉपमधले आपण सहाही जण रस्त्यावर येऊ."

"आणि बाकीचे पेशंट?"

"बाकीच्यांना काही झालंय असं कुणी सांगितलं तुला?"

भारतनं पासवर्ड लिहून घेतला. खरं सांगायचं तर त्याला ते पटलंच. पटलं म्हणजे पटवून घेतलं. घाबरलेल्या माणसाला काय पटत नाही!

दुपारी दवाखान्यात तपासण्या संपल्या होत्या. त्यानं कार्ड दुर्बिणीसमोर धरलं. पांढरी चौकट पांढरी, पिवळी पिवळी. लाल चौकटी विटकरी आणि त्यांच्या शेजारच्या गुलाबी जवळपास तशाच. कुठली कुठून सुरू होते कळेना. मेनूत जाऊन झेनॉनचं एलईडी केलं. एका बोटाचं काम. पडद्यावर लाल एकदम लाल झालं. चोवीस चौकटी वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. असलं काम बरोबर जमल्यावर एरवी त्याला आनंद व्हायचा. आज त्याला भडभडून आलं.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. "काय भारतभाऊ, आज न बोलावताच?"

"सर्व्हिसिंग, मॅडम," तो म्हणाला. मग हात जोडले. "माझ्या आईची परत दुर्बीण करा. उद्याच करा. पाया पडतो तुमच्या."

"अहो, नोव्हेंबरमध्ये तर नॉर्मल होती."

"करा मॅडम. काही विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई उपाशीपोटी त्याच टेबलावर आडवी झाली. आता तिला बोलायचं त्राण नव्हतं, पण मशीनकडे बघून तिनं लेकाकडे मान हलवली. भारत भिंतीला टेकून उभा राहिला. नळी खाली उतरली. पडद्यावर लालसर गुलाबी अस्तर आलं, खरंखुरं, आणि पुढं वळणावर रुपयाएवढी गडद लाल जखम, कडा वर आलेल्या. मॅडमनी तिचे सात-आठ तुकडे तपासणीसाठी घेतले.

म्हातारीला बाहेर नेल्यावर त्यांनी संगणकावर जुने फोटो काढले. दोन्ही शेजारी लावले. जुन्या फोटोत त्याच वळणावर, नीट निरखलं तर, एक लहानसा खडबडीत भाग होता. बाकीच्या अस्तराच्याच रंगाचा.

"इथंच होतं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला कसं दिसलं नाही? त्या दिवशी मी घाईत होते का? दमलेले होते का? भारतभाऊ, मला माफ करा. चूक माझी आहे."

हर्षलनं शिकवलेलं तंतोतंत जुळत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. समोरची बाई आपणहून सगळं स्वतःच्या डोक्यावर घेत होती. पण ती रडायला लागली, आणि भारतला ते बघवलं नाही.

"चूक तुमची नाही," तो म्हणाला. "दिवा बदलला तेव्हा मी प्रोसेसरला सांगितलंच नाही. तो झेनॉन समजून रंग काढत होता. लाल येतच नव्हता. कार्ड पूजेत होतं म्हणून मी झेंडूवर बघितलं. काल गुपचूप नीट केलं."

मॅडमनी डोळे पुसले. "मला वाटलं, नव्या दिव्यात रंग असाच दिसत असेल," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"खंडेनवमीपासून."

त्या ताडकन उठल्या. रजिस्टर काढून त्याच्यासमोर आपटलं. "मोजा! मोजा किती माणसं झाली ती! माणसं आहेत ही, चौकटी नाहीत तुमच्या कार्डावरच्या!" त्यांना इतकं ओरडताना दवाखान्यात कुणी ऐकलं नव्हतं. भारतनं मोजलं. दोनदा मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी.

"सगळ्यांना परत बोलवायचं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नंबर लावायचा, बोलायचं मी. आत्तापासून."

आठ दिवस तो तिथंच बसून होता. हर्षलनं त्याला काढून टाकलं, फोनवरच, आणि त्यालाही बोलताना रडू फुटलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी आभार मानले, कुणाला काही कळलंच नाही. सिन्नरच्या एका घरी फोन लागला तेव्हा सुनेनं सांगितलं, की सासरे जानेवारीतच गेले. मॅडम "बरं" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भारतनं त्या नावापुढं काय लिहावं हे त्याला समजेना. त्यानं ती ओळ तशीच सोडली.

लंकाबाईचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता. स्कॅनमध्ये तो यकृतात उतरलेला दिसला. नोव्हेंबरात सापडला असता तर ऑपरेशन झालं असतं का, असं भारतनं विचारलं. मॅडम त्याच्याशी खोटं बोलल्या नाहीत. "झालं असतं," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं मळ्यात न्यायचा हट्ट धरला. तिथं पडवीत तिची खाट टाकली. भारतनं ठरवलं होतं, की दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायच्या आत आपण सांगायचं. दोन दिवस त्याला ते जमलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला चमच्यानं पाणी पाजताना तो बोलून गेला. दिवा, पेटी, रंग, सगळं. तिला किती समजलं कोण जाणे. पण शेवटचं नीट समजलं, की तिचं दुखणं तेव्हाच दिसलं असतं आणि ते लेकाच्या हातून राहिलं.

तिनं डोळे मिटून घेतले. भारतला वाटलं, आता ही आपल्याकडे परत बघणार नाही. त्याला तेच हवं होतं. तिनं थोबाडीत मारली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं तिनं त्याचा हात चाचपला आणि धरला. हातात जोर नव्हता.

"नोकरी गेली का रं?"

त्यानं मान डोलावली.

"डॉक्टरीणबाई लय बोलली आसंल."

"आई, तसं नाही—"

"ऐक माझं." तिनं दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि आवाज बारीक केला. "कुणाला सांगत बसू नको. कुणी इचारायला आलं तर मला पुढं कर. मी सांगते, मशीन चांगलं व्हतं. माझ्या लेकानं चांगलं बसवलं व्हतं. मीच दवाखान्यात उशिरा गेले म्हणून सांगते मी."