भिंतीवरची बाई

माझं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं एक पत्र्याचं शेड. आत शिलाई मशीन, एक स्टूल, आणि गिऱ्हाइकांना बसायला लाकडी बाक. रस्त्याच्या पलीकडे आरोग्य उपकेंद्र. वाटूर फाट्याहून येणारी काळीपिवळी जीप त्याच्यासमोरच थांबते, त्यामुळं गावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उपकेंद्राची भिंत दिसतेच. मी तर ती दिवसभर बघते. सुईत दोरा ओवायला मान वर केली की समोर भिंत.

त्या वर्षी डिसेंबर लागायच्या आधी एक पेंटर आला आणि भिंतीवर चित्र काढायला लागला. पहिल्या दिवशी नुसती एक बाई दिसत होती. हिरवी साडी, लालभडक ओठ, एक हात कमरेवर. मला वाटलं, लसीकरणाचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा अर्धा चेहरा पांढरा केला. डोळ्याच्या जागी काळी खोबण काढली, गालाच्या जागी दातांची रांग. अर्धी बाई, अर्धी कवटी. तिच्या पायाशी एक माणूस डोकं धरून बसलेला, आणि त्याच्या मागं त्याची बायको आणि लेकरू पदरात तोंड खुपसून रडत होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘एड्स : क्षणाचा मोह, आयुष्याची राख.’

मी शिवणकाम करणारी, माझी नजर आधी तिच्या ब्लाऊजवर गेली. पाठ पार उघडी, गळा इतका खोल की खांद्यावर तो टिकलाच नसता. आमच्या भागातल्या कुठल्याच बाईनं मला असा ब्लाऊज कधी शिवायला सांगितलेला नाही. मग मी ती अक्षरं वाचली, आणि दोरा ओवायचा राहून गेला.

कारण तो आजार मला आहे.

माझा नवरा ट्रकवर होता. मोसंबी भरून लांब लांब जायचा, आठवड्यानं परत यायचा. लेक चालायला लागली त्या सुमारास त्याला ताप धरला, तो उतरेचना. मग तोंड आलं, अंग वाळलं, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरता फिरता शेवटी रक्त तपासलं. त्याच्या पाठोपाठ माझं. लेकीचं तपासलं तेव्हा मी देवाला मानत नसतानाही हात जोडून उभी होते. तिला काही निघालं नाही, ती सुटली. तो उशिरा औषधाला लागला आणि गेला. सासरच्यांनी तेराव्याच्या आतच माझा ताट-तांब्या वेगळा केला. मी लेक उचलली आणि आईकडे आले.

आई शेतात रोजानं जायची. तिनं मला एकदाही ‘कसं झालं’ म्हणून विचारलं नाही. फक्त गावात सांगून टाकलं, हिला थायरॉईड आहे, म्हणून दर महिन्याला शहरात गोळ्या आणायला जावं लागतं. त्यामुळं इतकी वर्षं माझ्या थायरॉईडची चौकशी होत होती. एका बाईनं तर मला कांदा गळ्यावर चोळायचा उपायही सांगितला होता.

औषध मी कधी चुकवलं नाही. वजन भरलं, केस परत आले, दुकान उभं राहिलं. शहरात औषधाच्या रांगेत बसले की आजूबाजूला भिंतीवर चित्रं असायची. एकात नाग बाईच्या कमरेला विळखा घालून बसलेला. एकात फास. एकात लाल रंगाचा राक्षस, आणि त्याच्या तोंडात अख्खं कुटुंब. आम्ही सगळे त्या चित्रांखाली पाण्याच्या बाटल्या, डबे घेऊन बसलेलो. कुणी हरभऱ्याचा भाव बोलतंय, कुणी पोराच्या दहावीचं. तिथं मी त्या चित्रांकडं बघायचे नाही. बस धरून गावात आले की संपलं, असं होतं. आता ते गावात आलं होतं, आणि माझ्या दुकानासमोर बसलं होतं.

पोरांनी आठ दिवसांत त्या बाईला नाव ठेवलं, एड्सबाई. शाळा सुटली की खडे घेऊन यायचे आणि नेम धरून तिच्या कवटीवर मारायचे. एक दिवस दोघीजणी ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. मी काजं करत होते, त्या बाकावर बसून भिंत बघत होत्या. एक म्हणाली, “अशा बायांमुळंच चांगली चांगली माणसं मरून राह्यली.”

दुसरी म्हणाली, “बराबर हाये. अन् भोगायचं घरच्या बाईनं.”

मी मान खाली घालून काजं करत राहिले. त्या गेल्यावर बघितलं तर एक काज वाकडं झालेलं. ते उसवलं आणि बसून राहिले. मला त्या भिंतीवर शोधूनही मी सापडत नव्हते. कमरेवर हात ठेवलेली ती मी नव्हते. पदरात तोंड खुपसून रडणारीही मी नव्हते. माझं रडून झालं त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

लेक तेव्हा अकरावीला होती, रोज त्या भिंतीसमोरूनच परतूरला कॉलेजला जायच्या गाडीत चढायची. तिला माझं सगळं माहीत होतं. त्या संध्याकाळी तिनं दप्तर ठेवलं आणि विचारलं, “आई, लोक त्या चित्राकडं बघून हसतेत. मी पण हसल्यासारखं करते. असं किती दिवस करायचं?”

मी दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात गेले. तिथल्या सिस्टरला माझं माहीत होतं, ती चांगली होती. मी म्हणाले, “सिस्टर, ते चित्र काढून टाका.”

ती हळू आवाजात म्हणाली, “ताई, वरून आलंय. मंजूर झालेलं चित्र आहे. लोकांना भीती वाटली पाहिजे म्हणतात.”

“भीती वाटून लोक तपासायला येऊन राह्यले का?”

ती म्हणाली, “येत नाहीत. आधी दोघं-तिघं यायचे, आता तेही येत नाहीत. या दाराला लागूनच ती भिंत आहे ना. दारात उभं राहिलं की सगळा रस्ता बघतो.”

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोलायचं मी ठरवलं. आईला सांगितलं तर ती चुलीसमोरून उठलीच. “बिलकुल न्हाई. उगं राह्य, माय. पोरीचं लग्न व्हायचं हाये. एवढी वर्षं झाकलं, ते कामून उघडं करती?”

“मी काय केलं म्हणून झाकायचं?”

“तू काय न्हाई केलं. पण लोकं तसं म्हणतेत का?”

“तेच सांगायचंय मला त्यांना.”

ती रात्री माझ्याशी बोलली नाही. सकाळी मी निघाले तेव्हा शेतावर निघून गेलेली होती.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या आवारात सभा बसली. नळाचं झालं, रस्त्याचं झालं, दोन माणसांचं भांडण होऊन मिटलं. बाया कडेला बसल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मी उठून उभी राहिले.

“मला त्या उपकेंद्राच्या भिंतीचं बोलायचंय.”

ग्रामसेवक म्हणाले, “ताई, ते विषयपत्रिकेवर न्हाई.”

“मंग घ्या विषयपत्रिकेवर.”

सरपंच हसले. “भिंतीचं काय? रंग उडाला का?”

“त्या भिंतीवर जो आजार लिहिलाय तो मला आहे,” मी म्हणाले. “थायरॉईड न्हाई मला. हा आजार आहे. लग्नाच्या नवऱ्याकडून आल्ता. मी मोह केला न्हाई, आणि कुणाला मारलंही न्हाई. मी रोज गोळी घेते आणि तुमच्या घरच्या बायांचे ब्लाऊज शिवते. ज्यानं त्यानं माझ्याकडं नीट बघा आणि सांगा, यात कवटी कुठं आहे.”

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू आली. माझ्याजवळ बसलेल्या दोन बाया सरकल्या. एक म्हातारा उठून निघून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, “आता हिच्याकडून कपडे शिवायचे का?” आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

मी उभीच होते. बसले असते तर त्या सरकलेल्यांच्या मध्ये बसावं लागलं असतं. तेवढ्यात फाटकाकडून आई येताना दिसली. हातात खुरपं, पायाला माती. शेतातून मधेच उठून आली होती. ती सरळ बायांच्या मधून चालत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिनं खुरपं दुसऱ्या हातात घेतलं.

सरपंच म्हणाले, “बघू. वरच्यांना विचारावं लागंल.” आणि सभा संपली.

वरचे कोण आणि त्यांना कुणी विचारलं, हे मला आजवर कळलेलं नाही. बरेच दिवस मी वाट बघितली. दुकान ओस पडलं. एकीनं दिलेलं ब्लाऊजपीस कापायच्या आधीच परत नेलं, तेही चिमटीत धरून. मग एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, रस्त्यावर गर्दी असताना मी चुन्याची बादली कालवली, कुंचला घेतला आणि रस्ता ओलांडला.

सिस्टर बाहेर आली. “ताई, सरकारी भिंत आहे!”

“माहीत आहे. तक्रार करा. माझं नाव सांगा, सगळ्या गावाला माहीत आहे.”

ती दारात उभी राहिली. मग आत जाऊन माझ्यासाठी स्टूल घेऊन आली, कारण कवटीपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

काळीपिवळीतले लोक खाली उतरून बघत होते. कुणी मोबाईल काढला. मी कवटी आधी पुसली, मग राख, मग मोह. पहिल्या हातात ओठांचा लाल रंग वर येतच राहिला. दुसरा हात द्यावा लागला. डोकं धरून बसलेल्या त्या माणसावर चुना लावताना माझा हात जरा थांबला. तो माझ्या नवऱ्यासारखा दिसत नव्हता, तरी थांबला. मग मी त्यालाही पुसलं. त्याची कीव करायला मी तिथं उभी नव्हते.

तक्रार कुणी केली नाही. पण पुढं कुणी मोठे साहेब भेटीला येणार होते, आणि कोरी भिंत बरी दिसत नाही म्हणून सरपंचांनी त्याच पेंटरला परत बोलावलं. सिस्टरनं त्याला माझ्याकडे पाठवलं. तो अवघडून शेडच्या बाहेर उभा राहिला.

“ताई, माझा काय कसूर? मोबाईलवर फोटो धाडला त्यायनं, मी उतरवला.”

“तुझ्यावर राग न्हाई. आता मी सांगते ते उतरव. मशीनवर बसलेली बाई काढ. साधा ब्लाऊज, साधी साडी. समोर बघणारी.”

तो म्हणाला, “नुसती शिवणारी बाई काढली तर लोकांना एड्सचं चित्र हाये हे कळंल कसं?”

“खाली लिही की. तपासणी करा, औषध घ्या, आणि कामाला लागा.”

“अन् घाबरवायचं?”

“लोक आधीच घाबरलेलेच आहेत, बाबा.”

त्यानं काढलं. मला विचाराल तर ती बाई माझ्यापेक्षा खूप गोरी झाली आणि मशीनचं चाक उलट्या बाजूला आलं. चाकाचं मी त्याला दुरुस्त करायला लावलं. रंगाचं पण म्हणाले, तर तो म्हणाला, “भिंतीवर काळी चांगली दिसत न्हाई ताई.” मी म्हणाले, “मी दिसते ना चांगली? कर.” मग त्यानं तिला माझ्या रंगाची केली.

ब्लाऊजपीस चिमटीत धरून नेणारी अजून माझ्याकडे येत नाही. समोरून आली तर रस्ता बदलते. दुसऱ्या काही जणी हळूहळू परत आल्या, काही नव्या आल्या. लेकीच्या कॉलेजात कुणीतरी तिला टोमणा मारला. ती म्हणाली, “हो, माझीच आई आहे. भिंतीवर आहे. तुझी कुठं आहे?” आई अजून म्हणते की लग्नाला अडचण येईल. येईल तर येईल. ज्याला माझ्या हातच्या जेवणाची भीती वाटते त्याच्या घरात मला लेक द्यायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक नवी नवरी आली. हातात मापाचा ब्लाऊज होता, पण कापड आणलं नव्हतं. बाकावर बसून ती किती वेळ भिंतीकडं बघत होती. शेवटी म्हणाली, “मावशी, ती तुम्हीच का?”

“मीच.”

“माझे मालक ट्रकवर हायेत,” ती म्हणाली.

मी मशीनवर कापड झाकलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि विचारलं, “तिकडं मागून दार हाये का?”

“हाये. पण आपण पुढच्यानं जाऊ.”

काळीपिवळी नुकतीच थांबली होती, रस्त्यावर माणसं उभी होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही त्यांच्यातून पलीकडे गेलो. एकजण बघायला लागला तेव्हा मी त्याच्याकडं बघितलं, तो गाडीत जाऊन बसला. सिस्टरनं तिला आत घेतलं. मी बाहेर थांबले. तिचा रिपोर्ट काय आला ते मी कुणाला सांगत नाही, इथंही सांगणार नाही. ते तिचं आहे.