चार मीटर कमी

टपाल वाटणाऱ्या त्या बाईला "आता वय झालं" म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. म्हणणाऱ्याला ती तिथल्या तिथे झोडपून काढी, तोंडाने. पायाला भिंगरी घेऊनच आलेली बाई. दोन मुलं झाली, चाळिशी उलटली, तरी खात्याची सायकल नाकारून पायीच टपाल वाटायची आणि पहाटे उठून पळायची. शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत बायकांचा विक्रम एकोणीस वर्षं कुणी हलवला नव्हता. या वर्षी तिने तो मोडला, अर्ध्या सेकंदाने. अर्धा तर अर्धा! मोडला म्हणजे मोडला.

तिसऱ्या दिवशी बाबा आले आणि दारातच म्हणाले, "पोरी, रागावू नकोस. मार्ग चार मीटर कमी भरतोय."

बाबा रस्ते खात्यातले निवृत्त मोजणीदार. उभा जन्म एक लोखंडी चाक ढकलत रस्ते मोजले; चाकाचा एक फेरा म्हणजे एक मीटर. निवृत्तीला खात्याने तेच चाक भेट दिलं आणि शर्यतीचा या वर्षीचा नवा मार्गही त्यांनी हौसेने त्यानेच मोजला; आधीचा मार्ग टेपने मोजलेला होता. पण माणूस काटेकोर. विक्रम अर्ध्या सेकंदाचा म्हटल्यावर त्यांनी घरासमोरच्या रस्त्यावर पोलादी टेप ताणून चाकाचे शंभर फेरे मोजले. चार सेंटिमीटर कमी आले.

"झिजलं असेल," ती म्हणाली.

"तसूभर झिजलेलं नाही. मुळातच चुकलंय. बनवणाऱ्याने बावीस सप्तमांश धरून व्यास काढला."

"मग? वर्तुळाचा पाय तोच तर असतो ना?"

बाबांनी ताटाच्या काठाभोवती दोरा गुंडाळला आणि तोच ताटाच्या मधोमध आडवा लावून दाखवला. तीन वेळा पुरला, वर थोडा उरला. "हा उरलेला तुकडा व्यासाचा सातवा भाग म्हणावा तर किंचित कमी भरतो. आठवा म्हणावा तर जास्त होतो. तीनशे पंचावन्न भागिले एकशे तेरा घेतलंस तर फरक केसाहून बारीक होतो, पण राहतो. वर कितीही मोठा आकडा घे, खाली कितीही मोठा घे, वर्तुळ त्यात नेमकं बसतच नाही. मोठमोठ्यांनी सिद्ध करून ठेवलंय ते. बावीस सप्तमांश थोडा जास्त, म्हणून चाक थोडं लहान झालं. फेऱ्याला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दहा हजार फेऱ्यांचे झाले चार मीटर."

चार मीटर म्हणजे तिच्या पायांना जवळजवळ एक सेकंद. विक्रम गेला होता.

"तुम्हाला गप्प बसता आलं नाही?" ती ओरडली. "इतक्या वर्षांत कुणी ते चाक तपासलं नाही, आणि तपासलं ते माझ्या बापाने!"

बाबा मान खाली घालून निघून गेले. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. दोन दिवस तिने पत्रं अशी टाकली की लोकांना वाटावं, पत्र नव्हे, समन्स आलंय. तिसऱ्या दिवशी ती बाबांच्या घरी गेली आणि त्यांना दंडाला धरून शर्यतीच्या सचिवांकडे घेऊन गेली.

सचिवांनी ऐकलं आणि आधी दार लोटून घेतलं. "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आम्ही शाळेत बावीस सप्तमांशच शिकलो. पुस्तक काय खोटं?"

"पुस्तकात 'सुमारे' लिहिलेलं असतं," बाबा म्हणाले. "तेवढा शब्द सगळे विसरतात."

"मग नेमका अपूर्णांक सांगा, तसं चाक करून घेऊ."

"तसा अपूर्णांकच नाही साहेब."

"मग मोजायचं तरी कसं?"

"टेपने. आणि वर दहा मीटर जास्तीचे घालायचे. जास्त झालं तर चालेल, कमी नको."

"तेवढं कोण पळणार पुन्हा?"

"मी," ती म्हणाली. "आणि तोवर माझं नाव खोडा."

सचिव म्हणाले, बाई, विचार करा, हरलात तर हातचंही जाईल. ती म्हणाली, हातात काही आहेच कुठे?

रविवारी सकाळी ती एकटीच धावली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, टाळ्या वाजवायलाही कुणी नाही. शेवटच्या वळणावर पोटात कळ आली तेव्हा तिने चाकाला, ते बनवणाऱ्याला आणि जगातल्या यच्चयावत वर्तुळांना शिव्या घातल्या आणि वेग वाढवला. बाबा नव्या रेषेवर उभे होते. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर वाकली.

सचिवांनी दोनदा घड्याळ पाहिलं. विक्रम एका सेकंदाने मोडला होता. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"बाई, कमाल केलीत!" सचिव आता फार उदार झाले होते. "आणि ते जास्तीचे दहा मीटर वजा केले तर अजून दोन सेकंद सुटतील. तसं लिहू का?"

तिने धापा टाकतच मान वर केली.

"एकही मीटर कापायचा नाही. धावलेय मी ते."