किर्टलंडच्या भिंतीतल्या कपबश्या

चेन्नईहून क्लीव्हलंडला थेट विमान नाही. दोनदा विमान बदलावं लागतं आणि पोचेपर्यंत पाय सुजतात. ऑफिसने पाठवलं नसतं तर मी गेलेच नसते. चेन्नईच्या गिंडी भागातली आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, त्यासाठी तिथल्या एका कारखान्यात चार दिवसांचं काम होतं. पाचवा दिवस मात्र मी हट्टाने मागून घेतला, स्वतःच्या रजेतून. किर्टलंडचं मंदिर बघितल्याशिवाय परत यायचं नाही, हे घरूनच ठरवून निघाले होते.

कारण सांगते. मी पुण्याची, सासर तंजावरी मराठी. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. त्यांच्या भजन मंडळाचा मैलापुरात एक छोटा हॉल आहे. त्याच्या समोरच्या भिंतीचा गिलावा पडायला लागला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या लोकांनी किर्टलंडला आपलं पहिलं मंदिर बांधलं, तेव्हा बायकांनी घरातली उत्तम चिनी मातीची भांडी फोडून गिलाव्यात घालायला दिली आणि भिंत उन्हात चमकायला लागली. मी हे एका व्हिडिओत बघितलं होतं, बस. दुसऱ्याच दिवशी अम्मांनी वडिलांनी लग्नात दिलेला बारा कपांचा सेट हॉलमध्ये नेऊन ठेवला. पाठोपाठ आणखी पाच जणींनी आपापले सेट आणले. गवंडीही तयार झाला, विटांच्या भुकटीबरोबर खालच्या थरात कुटून घालतो म्हणाला. मग माझं धाबं दणाणलं. माझ्या एका शब्दावर सहा घरांतली भांडी फुटणार होती. गोष्ट खोटी निघाली तर? मी येईपर्यंत एकही बशी फुटता कामा नये, असं नवऱ्याला, मुरलीला, बजावून मी विमानात बसले.

क्लीव्हलंडहून किर्टलंड टॅक्सीने पाऊण तासाच्या आत येतं. सोयीची बस मला सापडली नाही. जाताना टॅक्सी लगेच मिळाली, येताना तासभर मिळेना, म्हणून ड्रायव्हरशी परतीचं आधीच बोलून ठेवा. शाकाहारी असाल तर डबा न्या. मी अम्मांनी बरणीत भरून दिलेलं पुळिकाचल, म्हणजे चिंचेचा आटवलेला मसाला, भातात कालवून नेलं होतं. ऑक्टोबर होता, झाडं लालपिवळी झाली होती आणि माझं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

मंदिर चढावर आहे. पांढरं, उंच, वर छोटा मनोरा. आत बघायला तिकीट नाही, पण गाइडबरोबरच जावं लागतं. आमच्या गाइड साठीच्या पुढच्या, हसऱ्या बाई होत्या. आत एकावर एक दोन मोठे हॉल, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांची व्यासपीठं. बाकं सरकवून लोकांना कुठल्याही बाजूला तोंड करून बसता येतं. आमच्याकडे सतरंजी फिरवली की भागतं. ज्यांनी हे इतक्या कष्टाने बांधलं, ते बहुतेक लोक थोड्याच वर्षांत गाव सोडून पश्चिमेकडे गेले. मग शंभरहून जास्त वर्षं मंदिर मॉर्मनांच्याच एका वेगळ्या शाखेकडे होतं आणि अलीकडे मोठ्या शाखेकडे आलं. हे सगळं ऐकून घेतलं आणि मग बाईंना भांड्यांचं विचारलं.

त्या म्हणाल्या, "फुटकी भांडी आणि काचा गावोगाव फिरून गोळा केल्या, ते खरं. बायकांनी आपले चांगले सेट दिले, ही गोष्ट लोक मागाहून सांगायला लागले. एखादीने दिलाही असेल, पण मला पुरावा माहीत नाही."

बायकांनी काय केलं, तेही त्यांनी सांगितलं. सूत कातायचं, मजुरांचे कपडे शिवायचे, ते अनेकींनी केलं. बाहेरचा मूळ गिलावाही आता राहिलेला नाही, तो मागाहून नव्याने केलेला आहे. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि थंड झालेला भात खाल्ला. स्वतःचाच इतका राग आला होता की चव कळली नाही. फोनवर सांगून सुटता आलं असतं. पण सहा जणींना तोंडावर सांगायचं, असं ठरवलं.

चेन्नईला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्या जमल्या. भजन सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले आणि काहीही न झाकता सांगून टाकलं. माझी चूक झाली, तुमचे सेट घरी न्या, असंही म्हटलं.  मग मंडळातल्या जानकीमामींनी पदराने आपली किटली पुसली आणि पिशवीत भरली. आणखी चौघींनीही तेच केलं. मला हायसं वाटलं. अम्मा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"त्या बायांनी दिलें की नाही, ते त्यांचं," त्या म्हणाल्या. "मी ह्या भिंतीला देतें म्हटलें. तिकडं विचारून म्हटलें काय?"

मी म्हटलं, पण गोष्ट तर माझीच होती ना.

"होय की. मग तूं काय आणलीस?"

 गोष्ट मी सांगितली, ती तपासायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि त्या ढिगात माझी एक बशीसुद्धा नव्हती. इतक्या दिवसांत ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली, अगदी कानापर्यंत. रिक्षा करून अड्यारला घरी गेले. पहिल्या पगारात पुण्यात घेतलेल्या निळ्या फुलांच्या सहा बश्या कपाटात वरच्या फळीवर होत्या. पाहुण्यांनाही मी त्या कधी काढल्या नव्हत्या. त्या घेऊन परत आले.

सकाळी गवंड्याने गोणपाट पसरलं. अम्मांनी पहिला कप स्वतः फोडला, मग हातोडी माझ्या हातात दिली. माझा हात थबकला तेव्हा त्या तमिळ-मराठी मिसळून एवढंच म्हणाल्या, "सरी, मार आतां."

लोक विचारतात, किर्टलंडला जावं का? क्लीव्हलंडला काम असेल तर जरूर जा, अर्धा दिवस पुरतो. आमच्या हॉलची भिंत आता पुरी झाली आहे. वरून शिंपल्यांच्या चुन्याचा थर, गोट्यांनी घोटून गुळगुळीत केलेला, पांढराशुभ्र. ऊन पडलं तरी ती चमकत नाही, आणि माझ्या सहा बश्या नेमक्या कुठे गेल्या, ते गवंड्यालाही सांगता येत नाही.