बारशाच्या दिवशीचं वांगं

“पोराले कोनं मारलं?”

ताईच्या सासूबाईंचा हा प्रश्न मी स्वयंपाकघरात शिऱ्यात बेदाणे टाकताना ऐकला. त्या दिवशी माझ्या भाच्याचं बारसं होतं. वय, बारा दिवस. एवढ्याशा वयात माणसाला शत्रू कसे झाले, हे बघायला मी बेदाण्यांची वाटी घेऊनच धावले.

वरठीतलं आमचं घर लहान. अंगणातल्या मंडपात ताईच्या सासरहून, दिघोरीहून आलेले पाहुणे, आतल्या खोलीत खाटेवर ताई आणि तिच्या शेजारी बाळ पालथं. सासूबाई नवं झबलं घालायला म्हणून त्याचे कपडे काढून बसल्या होत्या. आणि त्याच्या कमरेखाली, पाठ संपून बसायची जागा जिथे सुरू होते तिथे, चांगला ठसठशीत निळा डाग होता.

मला तो नवा नव्हता. बाळ घरी आल्यापासून मी दुसरं काही केलंच नव्हतं, नुसती त्याला न्याहाळत होते. जन्मलं तेव्हा त्याचं डोकं पपईसारखं लांबट होतं. (हे असंच राहणार का, असं मी घाबरून फोनला विचारलं. ताईला विचारायची हिंमत नव्हती.) ते आपोआप गोल झालं, तर तळव्यांची सालं निघायला लागली, उकडलेल्या बटाट्यासारखी! खांद्यांवर मऊ लव. टाळू तर उघडउघड धडधडायची. झोपेत मधूनच दोन्ही हात फेकून असं दचकायचं, जणू साकोलीची शेवटची बस चुकली. दरवेळी मी फोनवर शोधायचे आणि दरवेळी उत्तर एकच: नॉर्मल आहे, काळजी नसावी. निळ्या डागाचंही तेच. कातडीतला रंग तो; जन्मतःच असतो, दुखत नाही, बहुतेकांचा पुढे जातो. मला सगळं माहीत होतं. पण इंग्रजीतून, आणि मनातल्या मनात.

“मारन कायले जी कोनी?” आई म्हणाली. “जन्मल्यापासूनच हाय तो.”

“मंग मले दवाखान्यात काहून नाई दिसला?”

“दवाखान्यात तुमी नाकच पाहून राहिल्या होत्या!”

(हे खरं होतं. नाक दिघोरीचंच आहे असा निकाल देऊन, पेढे वाटून त्या परत गेल्या होत्या.)

“मंग मालिशवाल्या बाईनं रगडलं असन. पोरगं हाय का कनीक?”

सासूबाईंनी अंगठ्यानं डाग दाबून पाहिला. बाळ झोपेतच हसलं. मार बसलेल्या जागेवर दाबलं तर कोणी हसत नाही, हा पुरावा मला फार भक्कम वाटला. तो मांडायला मी तोंड उघडलं. “अ‍ॅक्च्युअली...” एवढंच बाहेर आलं. कोणी मानसुद्धा वळवली नाही. मी एक बेदाणा खाल्ला.

आई तोवर पेटली होती.

“इहीनबाई, डागाचंच काढता तर आयका. ग्रहन लागलं तवा माही पोरगी कोनाच्या घरी होती? तुमच्या! काय चिरलं तिनं त्या दिवशी?”

आमच्याकडे पोटुशी बाईनं ग्रहणात विळीला हात लावायचा नसतो. लावला तर बाळाच्या अंगावर त्याची खूण उमटते, असं म्हणतात. सगळ्या नजरा ताईकडे वळल्या. ताईनं डोळे मिटले.

“वांगं,” ती पुटपुटली.

“कोनं सांगतलं चिराले?” सासूबाई आणि आई, दोघी एकदम.

“कोनंच नाई. मले भूक लागली होती.”

आता तिघी डागावर वाकल्या. मीही वाकले. आणि काय सांगू! एका बाजूनं डाग गोलसर फुगलेला, दुसऱ्या बाजूनं निमुळता.

“हे पाहा देठ!” आई म्हणाली.

“देठ नाई तो, नखाची खून होय! चिमटा घेतला कोनीतरी!”

गलका ऐकून भाऊजी दारात आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “भरताचं का भाजीचं?” ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तसेच उलट्या पावली मंडपात गेले.

मग सासूबाई उठल्या. त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि खांद्याशी धरलं.

“बारसं आता दिघोरीलेच होईन. एथं पोराची जतन नाई होऊन राहिली. माय-लेकरू दोघंयले आत्ताच नेतो आमी.”

“माहे टाके ओले हायेत, आई!” ताई सासूबाईंकडे बघून रडायलाच लागली. “मले धड बसता येत नाई. गाडीत कशी बसू एवढ्या दूर?”

तिला खाटेवरून उठायलाही माझा हात लागत होता. दिघोरीपर्यंतचे खड्डे मला डोळ्यांसमोर दिसले. मी वाटी खाली ठेवली आणि दार अडवून उभी राहिले.

“काकू, नॉर्मल आहे ते. खूप जणांना असतं.”

“खूप जनांयले? एवढं जग पाहिलं म्या, मले तं एक नाई दिसला! दाखव एखादं मानूस, चांगलं मोठं झालेलं, धडधाकट. आत्ता दाखव, ठेवतो पोराले खाली.”

मी फोन पुढे केला.

“फोनातलं नाई. आपल्यातलं पायजे.”

मी म्हणजे वर्गात हजेरीला उत्तर देताना घामाघूम होणारी मुलगी. दुकानात आतले कपडे घ्यायचे तर अजून नुसतं बोट दाखवते.

“मला आहे,” मी म्हणाले. “अजून आहे. तिथंच!”

आवाजाचा अंदाज चुकला असावा, कारण मंडपातल्या खुर्च्या सरकायच्या थांबल्या.

आईनं कपाळावर हात मारला, पण मान हलवून साक्ष दिली. सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी बाळ ताईच्या कुशीत ठेवलं. मग त्यांनी मला नीट पाहिलं. चेहरा सोडून. रागबिग कुठच्या कुठे गेला होता, राहिलं होतं ते निव्वळ कुतूहल.

“वांगंच हाय का वं पोरी?”

“नाही जी,” मी म्हणाले. “कोहळं.”