पानाने बदललेलं औषध

मंडळी, आज सकाळी शेजारची शिल्पा तिच्या गुलाबाची कुंडी घेऊन आली. पानांवर पांढरी भुरी, म्हणजे बुरशी, पडली होती. "काकू, औषध मारलं की ते पानावर नुसतं बसून राहतं ना?"

मी एकदम ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडला पोचले. तिथल्या प्रयोगशाळेत माझी पहिली नोकरी होती. काकडीच्या वेलांवर आम्ही थायोफनेट मिथाईल नावाचं बुरशीनाशक फवारलं होतं. काही दिवसांनी मी पानांचा अर्क काढला आणि त्याचा थेंब लेप दिलेल्या काचपट्टीवर ठेवला. पट्टीवर द्रावक वर चढताना प्रत्येक रसायन आपापल्या उंचीवर थांबतं; मग ती पट्टी मी अतिनील दिव्याखाली धरली. आमच्या औषधाचा डाग अगदी फिका, आणि दुसऱ्याच जागी एक ठसठशीत डाग! वाट लागली. नमुना मीच खराब केला, आता नोकरी जाणार!

आमच्या साहेब नलिनीताई आल्या. त्यांनी नव्या पट्टीवर माझ्या अर्काशेजारी कार्बेन्डाझिम नावाच्या दुसऱ्या शुद्ध बुरशीनाशकाचा थेंब चढवला. माझा तो ठसठशीत डाग आणि हा डाग एका रेषेत आले.

"तू काही बिघडवलं नाहीस गं," त्या हसल्या. "आपलं औषध पानात जाऊन कार्बेन्डाझिम बनतं. बुरशीला रोखतं ते हेच."

पुस्तकात हे होतंच. पण ज्या पानाला वाचवायला निघालो, तेच आतल्या आत खरं औषध घडवतंय, हे डोळ्यांनी बघून मी दिवा बंद करायचंच विसरले.

हे ऐकून शिल्पाने बोटांत धरलेलं गुलाबाचं पान अलगद सोडलं. मग वाकून ते पुन्हा निरखायला लागली.

तुम्हाला कशाने असं थक्क केलंय?